डावीकडचा दुसरा दात

कंपनीच्या केबिनमध्ये टेबलावरचे ते सहा दात तिने दारातूनच ओळखले. आपल्या हातचं काम ओळखायला जवळ जावं लागत नाही, आणि बावीस वर्षं दात करून करून तिला माणसांच्या आधी त्यांचे दातच दिसायचे. वरचे पुढचे सहा, गुलाबी मेणाच्या पट्टीवर ओळीने बसवलेले, पारदर्शक डबीत. डबीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर छापील अक्षरांत दादाचं नाव. ती खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि नाव पुन्हा वाचलं. आडनाव तिचंही तेच, म्हणजे अर्धी चिठ्ठी तिची म्हणायला हरकत नव्हती. समोरचा मॅनेजर तिशीतला, हसरा, स्वतःचे दात पांढरे करून घेतलेला. ‘ओळखलंत ना?’ तो म्हणाला. ‘तुमच्या भावाचं काम. नमुना म्हणून दिलं होतं त्यांनी. हे बघून आमच्या साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे सीनियर म्हणून घेतलं. फक्त हा एक दात जरा फिरलेला आहे बघा. डावीकडचा दुसरा. वय झालं की होतं असं. आम्ही स्कॅन करून स्क्रीनवर सरळ करून घेतला. आता स्क्रीनवरचा सेट कसा एका ओळीत आहे.’ ती ‘हं’ म्हणाली. नंतर दिवसभर तिला त्या ‘हं’चा राग येत राहिला. एवढं सगळं ऐकून माणसाच्या तोंडून निघावं काय, तर हं.

मग त्याने तिच्या पुढ्यात जाड कागदाचं पाकीट ठेवलं. पद सहाय्यकाचं. ‘तुमच्या दादांनी अटच घातली म्हणा ना,’ तो म्हणाला. ‘बहीण माझ्या शेजारच्या टेबलावर पाहिजे. आम्ही म्हटलं, हरकत नाही. घरची माणसं एकत्र आली की टिकतात.’ मग तो तिला काम दाखवायला आत घेऊन गेला. काचेच्या भिंतीपलीकडे लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना स्क्रीन, मध्ये फ्रीजएवढी मशिनं, आणि प्रत्येक मशीनच्या पोटात पांढरी वडी फिरत, झिजत तिचा दात होत चाललेला. कुठे धूळ नाही, वितळलेल्या मेणाचा वास नाही, भट्टीची धग नाही. मुलंमुली खुर्च्यांत रेलून बसलेली. कुणाचे हात प्लास्टरने पांढरे नव्हते. ‘मेण कुठे आहे?’ तिने विचारलं. ‘मेण नाही.’ ‘आणि ब्रश?’ ‘ब्रश नाही, सुरी नाही, काही नाही. स्क्रीनवर दात उचलायचा, जागेवर ठेवायचा, बटण दाबायचं. तुम्ही काय, दादा काय, महिन्याभरात शिकाल.’ मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, ‘एखाद्याचा हात तेवढा स्थिर नसेल तर?’ मॅनेजर हसला. ‘माऊस हलला तरी मशीन हलत नाही, ताई.’ उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाला, आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला.

रस्त्यावर आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती अशी की ऊन लागतंय हेही कळेना. बस आली, थांबली, गेली. ती चालत राहिली. सहाय्यक. चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि सहाय्यक. घरात अजून तिला बारकी म्हणतात, ते एक वेळ ठीक, घरातल्या नावांना वय नसतं. पण आता ते कंपनीच्या कागदावर गेलं होतं, सही-शिक्क्यानिशी. जुनी लॅब होती तेव्हा निदान कुणी कुणाला काही म्हणत नसे. सहा टेबलं, एक भट्टी, कोपऱ्यात प्लास्टरच्या जबड्यांची फळी, आणि डॉक्टरांकडून येणारे ट्रे. ट्रेमध्ये साचा आणि एक चिठ्ठी: अमुक दात, अमुक रंग, अमुक दिवशी हवा. काम झालं की चिठ्ठीवर सही करायची. ज्याचा ट्रे त्याची सही. मालकांचे गुडघे गेले, मुलांना लॅबमध्ये रस नव्हता, आणि अकरा दिवसांपूर्वी सगळी टेबलं एका टेम्पोत चढली. दादा फाटकापाशी उभा राहून टेम्पोवाल्याला ‘जपून, जपून’ म्हणत होता. आपली विकलेली टेबलं जपून न्यायला सांगणारा हा माणूस. तेव्हा तिला त्याची दया आली होती. त्याच हाताने तो तिच्या खणातली डबी खिशात घालून मोठ्या कंपनीत गेला होता, हे तिला आज कळत होतं. तेव्हाच कळलं असतं तर तिने स्वतः त्या टेम्पोत चढवलं असतं त्याला.

आणि दात तरी कुठला नेला. खणात दहा नमुने होते. एका ओळीतले होते, चकचकीत होते, डॉक्टरांना दाखवायला केलेले होते. त्याने नेमके हेच उचलले. डावीकडचा दुसरा दात फिरलेला असायचा, कारण ती तो फिरवायची. थोडासाच, शेजारच्याच्या खांद्यावरून डोकावतोय इतका. हे तिला शिकवलं होतं दादानेच. बावीस वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा सहा दात लावले, पट्टी लावून, एका रेषेत, आणि मोठ्या अभिमानाने त्याच्यापुढे धरले. त्याने बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाला, ‘बारके, सगळे सरळ लावलेस की माणूस खोटं दिसतं. एखादा तरी चुकव.’ कुठला चुकवू, म्हणून तिने विचारलं नाही. आईचा डावीकडचा दुसरा दात असाच होता. हसताना आई त्या बाजूने तोंडावर हात धरायची, आणि हात धरला तरी डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या घड्यांवरून कळायचं की हसतेय. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. फोटोंमध्ये आई हसत नाही. एकाही फोटोत तो दात नाही. तर तो दात राहिला कुठे, तर तिच्या बोटांत, आणि तिथून अनोळखी माणसांच्या तोंडात. शेकडो माणसं तो घेऊन जेवतात, भांडतात, जांभया देतात, आणि कुणाला ठाऊक नाही. दादाला ठाऊक आहे का, हेही तिला नक्की माहीत नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. त्या घरात ज्याबद्दल बोलायला हवं त्याबद्दल कधीच कुणी बोललं नव्हतं, आणि भाजीत मीठ किती यावर मात्र अर्धा तास चर्चा व्हायची.

हातांबद्दलही बोलणं झालं नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दादाच्या सुरीवरचा मेणाचा थेंब साच्यावर पडायचा तो मनगटावर पडला. भाजलं म्हणून त्याने मनगट तोंडात धरलं, आणि तिला दिसलं की हात भाजल्यामुळे हलत नाहीये, आधीपासूनच हलतोय. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने भट्टीकडे बघितलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे हात धुवायला गेले तेव्हा तिने त्याचा ट्रे उचलून आपल्या टेबलावर ठेवला आणि आपला पूर्ण झालेला ट्रे त्याच्या पुढ्यात. संध्याकाळी त्याने चिठ्ठीवर सही केली. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती सवय झाली, मग शिस्त, मग त्याचं वेळापत्रक. तो भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास साच्यावर वाकून बसायचा, आणि ती दोन माणसांचं काम करायची. मान अवघडली, डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रोज किती तास काम करता? तिने खोटं सांगितलं. त्या घरात आणि त्या लॅबमध्ये मिळून एक माणूस चार वर्षं खोटं जगत होता, आणि त्याला ते खोटं पुरवायचं काम तिचं होतं. तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं हे खरं. पण कुणी ‘नको करू’ असंही म्हटलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, ‘बारके, तुला त्रास होतोय’ असं तो म्हणाला असता, तर पुढची वीस वर्षं तिने तेच काम हसत केलं असतं. तो म्हणायचा काय, तर ‘आज तीन नंबरचा दात जरा आखूड वाटतोय.’ तिने केलेल्या दाताला. आखूड.

कोपऱ्यावरच्या पायऱ्यांवर ती बसली. पर्समध्ये दुसरं पाकीट होतं, म्हणजे पाकीट नव्हतंच, वहीतून फाडलेला कागद होता, पगाराचा आकडा आणि फोन नंबर लिहिलेला. स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तिथली डॉक्टरीणबाई आणि दोन माणसं. दात नाही करत तिथे. कान करतात, नाक, बोटं. अपघातात गेलेली, आजारात कापावी लागलेली. सिलिकॉनची, हाताने रंगवलेली. परवा ती घरी सांगून बघायला गेली होती तेव्हा बाई एका माणसासमोर बसून त्याचा कान रंगवत होत्या. पन्नाशीचा माणूस, डाव्या बाजूला कानाच्या जागी नुसती चकचकीत कातडी. बाई कानाच्या पाळीत लाल धाग्याचे बारीक तुकडे पसरत होत्या, शिरा म्हणून, आणि मध्येच मान वर करून त्याच्या दुसऱ्या कानाकडे बघत होत्या. तो माणूस अगदी ताठ बसला होता, फोटो काढून घेताना बसतात तसा. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘चष्मा टिकेल ना?’ बाई म्हणाल्या, ‘टिकलाच पाहिजे, नाहीतर मग कान कशाला?’ आणि तो हसला. बावीस वर्षांत तिने आपल्या दाताचा धनी कधी बघितला नव्हता. साचा यायचा, साचा जायचा. तो माणूस हसला तेव्हा तिला कुठे बघावं ते कळेना, म्हणून ती त्याच्या खालच्या दातांकडे बघत राहिली. वेडेवाकडे होते, सगळे स्वतःचे.

बाई गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘दोन वर्षं चालेल हे नक्की,’ त्या म्हणाल्या. ‘पुढचं मला विचारू नका. मला काम संथ झालं तरी चालतं, खोटं झालेलं चालत नाही. महिन्याला चार कान, दोन नाकं, बोटं किती ते सांगता येत नाही. रडणारी माणसं येतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. जमेल?’ जमेल की नाही ते तिला माहीत नव्हतं. ती बोलण्यात कच्ची होती, आणि बोलायला लागली की फार बोलायची. पगार दोन्हीकडे साधारण सारखाच, त्यामुळे पैशाच्या मागे लपायचीही सोय नव्हती. मोठ्या कंपनीत निवृत्तीपर्यंत बसून खुर्ची गरम करता आली असती. इथे दोन वर्षांनी शटर पडलं तर शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दारोदार. पण हे सगळं ती स्वतःला उगाच सांगत होती. खरा प्रश्न एकच होता: आपण त्या बाजूच्या टेबलावर बसलो नाही तर दादाचं काय? गेले अकरा दिवस ती हाच प्रश्न उशाला घेऊन झोपली होती, आणि आज एका हसऱ्या मॅनेजरने तो फुंकर मारावी तसा उडवून लावला होता. माऊस हलला तरी मशीन हलत नाही. दादाला हे माहीत नव्हतं. त्याला मुलाखतीला केबिनमध्येच बसवून चहा पाजला होता, त्यानेच सांगितलं होतं. हॉल दाखवलाच नव्हता. तो अजून समजत होता की तिथेही मेण आहे, सुरी आहे, आणि बहीण शेजारी नसली तर आठ दिवसांत भांडं फुटेल. तिला सुटकेचा आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात आलं ते असं, की नाही सांगणार. बस म्हणावं घाबरत. चार वर्षं मी घाबरले, चार दिवस तू घाबर.

घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. वहिनीने दार उघडलं. ‘काय गं, झालं का पक्कं? हे सकाळपासून दहा वेळा विचारतायत, बारकी आली का, बारकी आली का. जेवले पण नाहीत धड.’ वहिनीला काही माहीत नव्हतं. नवऱ्याने अलीकडे वरणात चमचा बुडवायचं सोडून भात कोरडा खायला सुरुवात केली आहे, याचं कारण ती पित्त समजत होती. दादा मागच्या गॅलरीत होता. तिथे खुर्ची टाकून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, त्यावर मेणाची वडी आणि सुरी घेऊन बसला होता. दात कोरत होता. खाली पडलेले तुकडे बघून कळत होतं की बऱ्याच वेळापासून बसलाय. ती आली तसं त्याने वर्तमानपत्र दुमडलं, पण आतलं मेण कोपऱ्यातून घरंगळून खाली पडलं आणि दोघांनीही ते बघितलं.

‘माझी डबी नेलीस,’ ती म्हणाली.

त्याने दुमडलेलं वर्तमानपत्र आणखी एकदा दुमडलं.

‘विचारायचंस तरी.’

‘विचारलं असतं तर दिली असतीस.’

‘मग?’

‘मग विचारायला लागलं असतं,’ दादा म्हणाला.

हे असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं, आणि ते इतकं खरं होतं की तिचा राग एकदम दुप्पट झाला. ‘नाव तुझं, पद तुझं, आणि मी सहाय्यक. कुणाची रे सहाय्यक? सांग ना. सहा दात कुणी केले? चार वर्षं कुणी केले? तीन नंबरचा आखूड होता म्हणे.’ आतून वहिनीचा भांड्यांचा आवाज थांबला. तिने आवाज खाली आणला, पण तो खाली येताना जास्तच धारदार झाला. ‘आणि त्यांनी तो दात सरळ केला. माहितेय तुला?’

‘सांगितलं त्यांनी.’

‘तू काय म्हणालास?’

दादा आपल्या हातांकडे बघत होता. उजवा हात डाव्या हातात धरून बसायची त्याला सवय लागली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस शांतपणे ऐकतोय.

‘म्हटलं, बरं केलंत.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. ‘आईचा होता तो,’ ती म्हणाली. ‘कळत नव्हतं तुला?’

‘न कळायला काय झालं,’ तो म्हणाला. ‘बावीस वर्षं बघतोय. पण मी काय सांगायला हवं होतं त्यांना? हा आमच्या आईचा दात आहे, सरळ करू नका? नोकरी मागायला गेलो होतो मी, बारके. त्यांनी सगळा जबडा उलटा लावला असता तरी बरं केलंत म्हटलं असतं.’ मग वर न बघता, भिंतीशी बोलावं तसा म्हणाला, ‘माझा हात गेलाय. तुला माहितेय. तू शेजारी नसलीस तर मी आठ दिवस टिकायचो नाही तिथे. मला हाकलतील, आणि मग मी घरात बसून काय करू? तू त्या कानवाल्या बाईकडे जाणार असशील, तर मला आत्ता सांग. मी त्यांना नाही म्हणून कळवतो. पण शक्य असेल तर नको जाऊस. मी मागतोय तुझ्याकडे.’

चार वर्षं तिने या वाक्याची वाट बघितली होती. आता ते आलं होतं, मोडकंतोडकं, मेणाच्या तुकड्यांमध्ये, आणि ते ऐकल्याबरोबर तिच्या आतलं काहीतरी जागच्या जागी ढिलं झालं. वाटलं, जाऊ दे. सहाय्यक तर सहाय्यक. बसू शेजारी. नाही सांगायचं त्याला मशीनचं. हॉलमध्ये गेल्यावर कळेल तेव्हा कळेल, आणि तोपर्यंत आपण तिथे असूच. हा विचार इतका सहज आला की तिला स्वतःची भीती वाटली. म्हणजे आपल्याला हेच हवं होतं का? दात नाही, नाव नाही, पद नाही, फक्त याने एकदा म्हणावं की तुझ्यावाचून माझं चालत नाही? एवढ्यासाठी मान मोडून घेतली? तिने गॅलरीच्या कठड्याला घट्ट धरलं.

‘तिथे हात लागत नाहीत,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘हाताचं कामच नाही तिथे. सगळं स्क्रीनवर. दात उचलायचा, ठेवायचा, बटण दाबायचं. मशीन कोरतं. मी विचारलं. हात हलला तरी चालतो.’

‘मेण नाही?’

‘नाही.’

‘ब्रश? थर द्यायचे, भाजायचे, ते?’

‘काही नाही.’

दादाने आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, आणि तिने दोनदा सांगितलं. मग त्याने हातातला हात सोडला. तो सोडलेला हात मांडीवर थरथरत राहिला आणि त्याने तो लपवला नाही. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, कपाळ, मग गाल, आणि मग तो हसला, मोठ्याने, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असा. ‘अगं वेडे,’ तो म्हणाला, ‘मग तू कशाला येतेस तिथे? तू जा त्या बाईकडे. कान कर, नाक कर, तुझा हात असल्या कामाचा आहे. खुशाल जा. मी बघतो माझं.’ इतक्या मायेने तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर थापटी मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि ‘अगं, ऐकलंस का?’ म्हणत वहिनीला सांगायला आत गेला. हात, मशीन, चार वर्षं, सगळं तो आत एकदमच सांगून टाकत होता, आणि वहिनीचं ‘म्हणजे?’, ‘कधीपासून?’, ‘मला का नाही सांगितलं?’ चाललं होतं. तो हसत होता. अकरा दिवसांचं, चार वर्षांचं ओझं अर्ध्या मिनिटात उतरवून माणूस मोकळा झाला होता. तिने पायाखालचं मेण उचललं. दाताचा आकार त्याला कुठूनही आला नव्हता.

तिला हवं ते सगळं मिळालं होतं. कबुली मिळाली होती, परवानगीही मिळाली होती, जी तिने मागितली नव्हती. भांडायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं त्याने. आणि तरी छातीत असं पेटलं होतं, की सकाळचा केबिनमधला राग त्यापुढे काहीच नव्हता. खुशाल जा, म्हणाला. किती सोपं होतं त्याला. मेण नाही म्हटल्यावर बहीणही नको. तिला माहीत होतं की हे खरं नाही, की तो मनापासून तिच्या भल्याचं बोलला, की हीच गोष्ट त्याने चार वर्षांपूर्वी बोलायला हवी होती असं ती स्वतःच तासाभरापूर्वी रस्त्याने चालताना म्हणत होती. माहीत असून उपयोग नव्हता. तिने मोठ्या कंपनीचं जाड पाकीट गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवलं, वहीतला कागद काढला आणि तिथूनच फोन लावला.

‘उद्यापासून येते,’ ती म्हणाली.

‘सोमवारपासून आलात तरी चालेल,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘घाई नाही.’

‘नाही. उद्यापासूनच.’

‘आवाज असा का येतोय तुमचा? भांडण झालं का घरी?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘करायला गेले होते. झालंच नाही.’